फ्रँकफर्ट–लंडन, एक तास चाळीस मिनिटं

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी दार उघडलं आणि आडनाव विचारलं नाही. परमुलखात मराठी माणूस भेटला की पहिली दोन मिनिटं कुठे जातात हे मला चांगलं ठाऊक होतं. गाव कुठलं, मूळचं कुठलं, आडनाव काय, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकशी पडताळणी. मी नागपूरची, बौद्ध. शाळेपासून या पडताळणीला सरावलेली. उत्तरं तयार ठेवूनच मी पायरीवर उभी होते. काका म्हणाले, "कुठलं एअरपोर्ट?"

"नागपूर," मी म्हटलं.

"म्हणजे मुंबईहून सातशे किलोमीटर. एक तास पंचवीस मिनिटं. ये, आत ये."

मी आत गेले ती तीन वर्षं राहिले. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाचं गाव आहे, तिथे एका मोटार कंपनीच्या ऑफिसात मी कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रॅमर होते. नव्वदनंतरची ती वर्षं. काका गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांची ड्रॉइंग्ज काढायचे. वीस-बावीस वर्षं तेच केलं. माणसाला रोज दार उघडावं लागतं, तेव्हा बिजागरीत चूक चालत नाही, असं म्हणायचे. काकूंचं म्हणणं असं, की घरातल्या फ्रिजचं दार मात्र गेली चार वर्षं खुर्ची लावून बंद करावं लागतं.

काकांना लांबून बघितलं तर कुणी म्हणालं असतं, हिमालयात जायला निघाले होते आणि चुकून मिशिगनला उतरले. दाढी छातीपर्यंत. ती कधी विंचरलेली मी बघितली नाही. अंगात मात्र इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेन्सिली. महाराष्ट्र मंडळातली पोरं त्यांना सांताकाका म्हणायची आणि डिसेंबर आला की त्यांच्या मांडीवर बसायला धावायची. काका त्यांना बसू द्यायचे, पण हसायचे नाहीत. एकदा मंडळाच्या नाटकात त्यांना वकिलाचं काम दिलं होतं. पाठांतर झालं, तालमी झाल्या. शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शक म्हणाला, "काका, दाढीचं तेवढं बघा, यार. कोर्टात असा वकील कोण उभा करेल?" काकांनी संहिता त्याच्या हातात ठेवली आणि कोट घालून घरी आले. पुढे महिनाभर मंडळात तोच विषय होता. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांची दाढी आहे, त्यांनाच विचार." विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मनगटावर घड्याळ नव्हतं. घरात मात्र नऊ घड्याळं, सगळी गराज सेलमधून आणलेली. स्वयंपाकघरात, जिन्यात, गराजमध्ये, आणि एक बाथरूममध्ये आरशाच्या बरोब्बर वर. सगळी ट्रॉयचीच वेळ दाखवायची. दर रविवारी सकाळी काका फोनवर वेळ सांगणारा नंबर फिरवायचे, त्या बाईचा आवाज कानाशी धरून घरभर हिंडायचे आणि एकेक घड्याळ जुळवायचे. फोनची वायर फार लांब होती. काकू पोळ्या लाटताना तिच्यावरून पाय उचलून जायच्या.

आणि येता-जाता विचारायचे, "किती वाजले?"

मी मनगट वर केलं की हात हलवायचे. "मनगटावरचं नको. भिंतीवरचं सांग."

सुरुवातीला गंमत वाटली. मग राग यायला लागला. मी तशी चिडकीच. एक दिवस म्हटलं, "काका, भिंत तुमच्याही समोर आहे की."

"मला दिसतंय," काका म्हणाले. "तुला सवय लागावी म्हणून विचारतो."

त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत ड्रॉइंगचा तिरका बोर्ड होता आणि त्याच्या शेजारी विमानांच्या वेळापत्रकांची जाडजूड पुस्तकं. ट्रॅव्हल एजंट त्यांच्यासाठी जुनी झालेली राखून ठेवायचा. लोक रात्री झोपण्याआधी पोथी वाचतात तसे काका व्हिएन्ना, झुरिक, अ‍ॅम्स्टरडॅम वाचायचे. मधेच माझ्याकडे बघून म्हणायचे, "व्हिएन्ना–झुरिक?"

"माहीत नाही, काका."

"सहाशे किलोमीटर. एक तास पंचवीस. रोम–अथेन्स?"

"मला कसं माहीत असणार?"

"हजार पन्नास. दोन तास. अगं, आकडा पाठ करू नकोस, नकाशा डोळ्यापुढे आण. मधे समुद्र आहे. समुद्रावर वेळ सरळ जातो."

युरोपात ते चौदा वेळा उतरले होते आणि तिथल्या रस्त्यावर एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. फ्रँकफर्टच्या काचेतून दिसणारी झाडं त्यांनी बघितली होती. अ‍ॅम्स्टरडॅमचा पाऊस बघितला होता. पॅरिस म्हणजे त्यांच्या लेखी दोन टर्मिनलं आणि मधली बस, जमिनीवरची पस्तीस मिनिटं. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्याच्या कितीतरी आधीपासून तर त्यांनी विमानात बसणंच सोडलं होतं. "आता कुणाकडे जायचंय?" एवढंच म्हणायचे.

पण ट्रॉयहून कुणीही मराठी माणूस भारतात निघाला की आधी काकांकडे यायचा, किंवा काका त्याच्याकडे जायचे. त्याचं तिकीट बघायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर त्याला त्याचा प्रवास लिहून द्यायचे. तेव्हाच्या तिकिटांवर विमान सुटायची वेळ छापलेली असायची, पोचायची नसायची. ती काका काढायचे. ड्रॉइंगमधलं त्यांचं ते सुबक, एकसारखं अक्षर. हवेतले तास. जमिनीवरचे तास. या गेटपासून त्या गेटपर्यंत चालण्याची मिनिटं, सोबत म्हातारं माणूस असेल तर वेगळी, कडेवर मूल असेल तर वेगळी. आणि सगळ्यात खाली प्रत्येक कार्डावर तीच ओळ: भिंतीवरचे घड्याळ बघावे.

लोक कार्ड घ्यायचे, पाठ फिरली की हसायचे. काकांची मुलगी शिकागोत नर्स होती, सुटीत यायची. ती तोंडावर म्हणायची, "डॅड, देअर आर स्क्रीन्स एव्हरीव्हेअर. नोबडी नीड्स धिस."

"स्क्रीन बघायला मान वर करावी लागते," काका म्हणायचे. "माणूस मान वर करत नाही."

मुलगी माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. मीही हसायचे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण हसायचे, हे खरं आहे.

पहिल्या डिसेंबरात मी घरी गेले तेव्हा मलाही कार्ड मिळालं. फ्रँकफर्ट, मग लंडन, मग मुंबई. स्वस्तात स्वस्त तिकीट म्हणून मी असा वाकडा रस्ता घेतला होता. कार्डावर लिहिलं होतं: फ्रँकफर्ट–लंडन साडेसहाशे किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं. लंडनला घड्याळ एक तास मागे घ्यावे. तसं केलं. विमान दहाला निघालं आणि लंडनच्या घड्याळात दहा चाळीसला उतरलं. एक तास फुकट मिळाला म्हणून मी बिस्किटं खाल्ली, काचेशी बसून विमानं मोजली. परत आल्यावर काकांना सांगितलं, की तो तास फार छान गेला. मला वाटलं त्यांना आवडेल. ते उठून आत गेले.

काकू भांडी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्यासमोर त्या रस्त्याचं नाव काढू नकोस."

"कुठल्या रस्त्याचं?"

"फ्रँकफर्ट–लंडन." आणि फ्रिजच्या दाराला खुर्ची लावून त्या बाहेर गेल्या.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, एका रविवारी सकाळी, काका फोनवरच्या बाईचा आवाज धरून जिन्यात उभे होते आणि मी पोहे खात होते. काकांनी फोन ठेवला तसा तो लगेच वाजला. नागपूरहून दादा बोलत होता. बाबांना दवाखान्यात ठेवलंय, छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, मुलीला बोलावून घ्या. "तू ये," दादा म्हणाला. "आज निघता आलं तर आज निघ. बाबा विचारतायत."

मी फोन धरून तशीच उभी राहिले. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, दादाला म्हणाले, "ती निघते आहे," आणि ठेवला. मग एजंटच्या घरी लावला. त्यांचं बोलणं अजून कानात आहे.

"आजचं सांगा. व्हाया काहीही चालेल... फ्रँकफर्ट–मुंबई फुल? वेटलिस्ट? नको, वेटलिस्ट नको... लंडनहून एक सीट आहे? मग लंडनपर्यंत कसं?" उत्तर ऐकलं तशी त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. पलीकडचा माणूस दोनदा हॅलो म्हणाला. "दुसरं काही नाही?... परवा. परवा नको. बरं. तेच कन्फर्म करा."

मी बॅग भरत होते. बॅग म्हणजे काय, हाताला लागेल ते कोंबत होते. काकूंनी डब्यात धपाटे बांधले. काका बोर्डाशी बसून कार्ड लिहीत होते. एक लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं, फाडलं. चौथं घेऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं झालेलं बघितलं. वर नेहमीचं सगळं होतं. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: लंडनला घड्याळाला हात लावू नकोस. भिंतीवरचं बघ. खाणं, पिणं, तोंड धुणं, सगळं गेटवर पोचल्यावर.

"काका, मागच्या वेळी एक तास मागे—"

"मागच्या वेळी डिसेंबर होता." त्यांनी माझा खांदा धरला. तसं ते कधी करत नसत. "तुला आत्ता समजावत बसत नाही. तू फक्त हे कर."

विमानात मी झोपले नाही आणि जागीही नव्हते. बाबा डोळ्यासमोर येत होते. ऑक्टोबर म्हणजे दीक्षाभूमीवरच्या गर्दीचे दिवस. कुठकुठून माणसं येतात, कुणी चालत, कुणी ट्रकमधून. बाबा पोस्टात होते, पण त्या दिवसांत रजा टाकून पाण्याच्या स्टॉलवर उभे राहायचे. मी फ्रॉकात होते तेव्हापासून त्यांच्या शेजारी ग्लास विसळत आले. यंदा तिथे कोण उभं असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. फ्रँकफर्टला उतरले, घड्याळ तिथल्या वेळेवर लावलं, चढले. लंडनला चाकं जमिनीला लागली आणि माझा हात आपोआप घड्याळाच्या चावीवर गेला. शेजारचा गृहस्थही आपल्या घड्याळाचे काटे मागे घेत होता. तेव्हा कार्ड आठवलं. हात काढला. विमानातून उतरल्यावर समोरच्या भिंतीवर बघितलं. अकरा चाळीस. माझ्या मनगटावरही अकरा चाळीस. दोन्हीकडे एकच वेळ.

त्या गृहस्थाला मी म्हटलं, भिंतीवरचं बघा. त्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि धावत सुटला. मीही धावले. एक वाजता माझं विमान सुटायचं होतं आणि ते दुसऱ्या टर्मिनलवर होतं. केस विंचरले नव्हते, दात घासले नव्हते, डोळे सुजले होते. बसमध्ये एका बाईने माझ्याकडे बघून पोराला जवळ ओढलं. गेटवर पोचले तेव्हा रांग अर्ध्यावर आली होती. कार्ड हातात भिजून मऊ झालं होतं.

नागपूरला सकाळी पोचले. दादाची स्कूटर दीक्षाभूमीच्या अलीकडेच अडली, एवढी माणसं. निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. दवाखान्यात बाबांनी मला ओळखलं. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि पहिलं काय विचारलं असेल, तर "पाण्याची टाकी भरली का त्यांनी?"

"भरली, बाबा," मी म्हटलं. मी स्टॉलकडे बघितलंही नव्हतं.

"मग ठीक," बाबा म्हणाले.

मला तीन दिवस मिळाले. पहिल्या दिवशी ते पुष्कळ बोलले, दुसऱ्या दिवशी थोडं, तिसऱ्या दिवशी माझा हात धरून पडून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी गेले. शेवटचं पाणी मी पाजलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी उशिरा पोचले आहे, पण तिथे वेळेवर पोचले.

परत आले तेव्हा विमानतळावर काका माझा जाड कोट हातावर घेऊन उभे होते. गाडीत बसलो. त्यांनी किल्ली लावली, फिरवली नाही.

"भेट झाली?"

"झाली."

"बोलणं?"

"झालं. तीन दिवस मिळाले, काका."

"बहात्तर तास," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, खराखुरा. आणि त्याच्या खाली हेवाही होता. मला दोन्ही ऐकू आलं. त्यानंतर पार्किंगमध्ये, बंद गाडीत, समोरच्या काचेकडे बघत त्यांनी मला सांगितलं.

दहा वर्षांपूर्वीचा असाच ऑक्टोबर होता. पुण्याहून फोन आला, आई अत्यवस्थ आहे. मिळालं ते तिकीट घेतलं. फ्रँकफर्ट, लंडन, मुंबई. वेळासुद्धा जवळजवळ याच.

"मी नेहमी डिसेंबरात जायचो," काका म्हणाले. "फ्रँकफर्टहून लंडनला गेलं की एक तास मागे. हे मला पाठ होतं. मंडळात लोकांना मी शिकवायचो. पण उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळं जर्मनीवाले सप्टेंबरअखेर मागे घेतात आणि इंग्लंडवाले ऑक्टोबरअखेर. मधले चार आठवडे दोघांची वेळ एक. त्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. मला येत होतं ना सगळं."

लंडनला चाकं टेकली आणि त्यांनी ऐटीत घड्याळ एक तास मागे घेतलं. बसने दुसऱ्या टर्मिनलवर गेले. काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास दिला आणि म्हणाली, आता निघाच, सर. काकांना वाटलं, या लोकांना सगळ्याचीच घाई. त्यांच्या हिशेबाने अजून एक तास वीस मिनिटं होती. खरी होती वीस.

"दोन दिवसांची दाढी वाढली होती," काका म्हणाले. "आईला तसं चालायचं नाही. लहानपणी नखं वाढलेली दिसली तरी ताटावरून उठवायची. म्हटलं, तिच्यासमोर असं भणंगासारखं कसं जायचं. वेळ आहे हाताशी. मग बाथरूममध्ये गेलो. साबण लावला. दाढी केली. सावकाश केली. पुन्हा उलट्या बाजूने केली. नवा शर्ट काढला, भांग पाडला. आरशात बघितलं, छान दिसत होतो. गेटवर गेलो तर तिथे एक माणूस झाडत होता."

काकांनी समोरची काच हाताने पुसली.

"पहिल्या विमानाने सकाळी आठला पुण्यात पोचलो असतो. आई दुपारी दोनला गेली. सहा तास मिळाले असते. तिने दोनदा विचारलं म्हणे, आला का? भाऊ म्हणाला, येतोय. दिवे लागेपर्यंत माझी वाट बघितली आणि मग त्यांनी तिला नेलं. माझा काही फोनही लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दारात उभा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

मग म्हणाले, "दहाव्याला न्हावी आला. भाऊ बसला. मी बसलो नाही. गुरुजी रागावले, मामा रागावले, थोरला मुलगा असून असं करतोस म्हणाले. मी सांगितलं, जन्मभर पुरेल एवढी दाढी मी लंडनला केली आहे."

आणि किल्ली फिरवली. वाटेत म्हणाले, "अडतीस मैल. पन्नास मिनिटं. मधे रस्ता खोदलाय, म्हणजे तासभर धर." जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. मी त्या वंशाच्या अर्ध्या वाटेवरून बचावून परत आले होते, तेही त्यांच्याच कार्डामुळे. मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. रडत होते.

घरी गेल्यावर माझ्या टेबलावर बाबांचा फोटो ठेवला. काकूंनी रोज त्याच्यापुढे एक फूल ठेवायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं.

यानंतर दोन वर्षांनी, मी ट्रॉय सोडायच्या थोडं आधी, एजंटने नवीन वेळापत्रक दिलं. काका जेवणाच्या टेबलाशी ते चाळत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. ते तिथेच राहिलं. मी वाकून बघितलं. बारीक अक्षरात तळटीप होती: यंदापासून सगळा युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच दिवशी घड्याळं मागे घेणार. मधले चार आठवडे आता नाहीत.

"म्हणजे आता बारा महिने एक तासाचाच फरक," मी म्हटलं. "आता ती चूक कुणाची व्हायची नाही, काका." मला वाटलं, ही चांगली बातमी आहे.

"बारा वर्षं उशीर केला यांनी," काका म्हणाले.

ते रडले. आवाज न करता, दाढीत पाणी जिरत गेलं. काकू ओट्यापाशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला, येऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर काकांकडे कुणी कार्ड मागायला आलं की ते म्हणायचे, आता गरज नाही, सगळं सरळ झालंय. लोकांना वाटलं, काका म्हातारे झाले. खरं तर त्यांना एवढी वर्षं उभं ठेवणारं कामच गेलं होतं. त्यांच्या चुकीपासून लोकांना वाचवायचं काम. चूकच राहिली नाही आणि ती केलेला माणूस तेवढा राहिला.

मी पार पश्चिम किनाऱ्यावर, क्युपर्टिनोला आले. काका रविवारी फोन करायचे. "तुझ्याकडे तीन तास मागे. भिंतीवर किती वाजलेत?" माझ्या अपार्टमेंटमध्ये भिंतीवर घड्याळ नव्हतं. मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात बघून सांगायचे आणि ते म्हणायचे, "बरोबर." कधी मी कामात असले तर फोन उचलायचे नाही. पुढच्या रविवारी ते काही बोलायचे नाहीत. घड्याळ घ्यायचं मी दर महिन्याला ठरवायचे.

काका गेल्याचं काकूंनी कळवलं तेव्हा ऑक्टोबरच होता. सकाळी बोर्डाशी बसले होते, तिथेच डोकं टेकलं. मी मिळेल त्या विमानाने निघाले. क्युपर्टिनोजवळच्या विमानतळावरून डेट्रॉइट, साडेचार तास हवेतले, अडतीस मैल जमिनीवरचे. मधे रस्ता खोदलेला नव्हता. फ्युनरल होमला लोक यायच्या एक तास आधी पोचले.

आतल्या खोलीत काकू एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या. मुलगी बाहेर कुणाशी तरी बोलत होती, तिचे डोळे रागाने आणि रडून लाल झाले होते. मी पुढे जाऊन बघितलं आणि थांबले. तिथे एक गोरासा, बारीक हनुवटीचा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. गाल गुळगुळीत. एवढ्या वर्षांत मी काकांचा चेहरा बघितलाच नव्हता. हनुवटीवर एक लहान खळी होती.

मी काकूंजवळ बसले. त्यांनी माझा हात घेतला.

"इथल्या माणसाने विचारलं, दाढीचं काय करू," काकू म्हणाल्या. "ही म्हणाली, लीव्ह इट, मॉम, दॅट्स डॅड. माझ्यावर चिडली आहे. मी म्हटलं, नाही, करा. सासूबाईंना तसं चालायचं नाही." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तो बिचारा भरभर करायला लागला. म्हटलं, सावकाश करा. आता त्यांच्या हाताशी वेळ आहे."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती वाजले गं?"

मी मान वर केली. चारही भिंती बघितल्या. त्या खोलीत घड्याळ नव्हतं.